शुक्रवारी सुट्टी असलेल्यांचा क्लब

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी पाचवीत होते आणि दादा नववीत. सुरुवातीला बाबा रोज डबा घेऊन गेटपर्यंत जायचे, बाकीच्या कामगारांबरोबर बसायचे, डबा तिथेच खायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आई म्हणायची, "घरी बसून खाल्लं तर काय घशाखाली उतरणार नाही?" पण पुरुषमाणूस दिवसा घरात दिसला की चाळ विचारते, म्हणून ते जायचे. चार महिन्यांनी डब्यात भरायला भाजीच उरली नाही, तेव्हा जाणं थांबलं.

मग आई उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणायला लागली. शिवून झालेल्या पँटचे लोंबणारे धागे कापायचे, पैसे नगावर. अंबरनाथ पश्चिमेला आमची एकच खोली, त्यात माणसं चार आणि पँटी दोनशे. मी त्या ढिगावर बसूनच अभ्यास करायचे. कपड्याचा रंग हाताला लागायचा आणि पिठात उतरायचा. आमच्याकडच्या भाकऱ्यांना कडेला निळसर झाक असायची, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असते.

दादाने शाळा सोडली ती कुणाला न सांगता. एका सोमवारी त्याने दप्तर माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला, "यातल्या कोऱ्या वह्या तू घे," आणि आईबरोबर जीन्सच्या कारखान्यात गेला. दादा फार हुशार होता असं मी म्हणणार नाही. गणितात तो मार खायचा. पण दोघांतल्या एकालाच शिकवता येणार होतं आणि मोठा तो होता. माझं बी.कॉम. कुणाच्या जिवावर झालं हे कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पुढे दादा बदलापूरच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागला, मग मशीनवर गेला. बाबांनाही वॉचमनची नोकरी मिळाली. दोन वेळचं नीट व्हायला लागलं. आणि दादाला शुक्रवार मिळाला.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची आठवडी सुट्टी शुक्रवारी. विजेच्या वाटपासाठी कधीतरी तसं ठरवलं गेलं आणि तसंच राहिलं. त्यामुळे आमच्याकडे मटण शुक्रवारी, लग्नाची बोलणी शुक्रवारी, चाळीतली मोठी भांडणंही शुक्रवारीच. रविवार हा शाळेतल्या पोरांचा आणि ऑफिसवाल्यांचा दिवस. आणि फुटबॉल शुक्रवारी.

क्लब सुरू केला तो एका रिटायर्ड फिटर काकांनी. सगळे त्यांना कोच म्हणायचे. त्यांनी भंगारातले पाइप जोडून गोलपोस्ट उभे केले होते, एक दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच. विचारलं तर म्हणायचे, "जमीन वाकडी आहे, पाइप सरळच आहेत." खेळायला अंबरनाथचे कामगार, कुळगावचे दोन रिक्षावाले, आणि बारवी धरणाकडच्या एका आदिवासी वाडीतले दोघे भाऊ, जे भाजीच्या टेम्पोतून यायचे आणि सगळ्यांपेक्षा जास्त पळायचे. दादा मधल्या फळीत खेळायचा आणि कर्णधार होता.

क्लबला 'सेमी-प्रोफेशनल' म्हणायची सुरुवात आमच्या शेटनी केली. ते उल्हासनगरचे सिंधी, जीन्सचा कारखाना त्यांचा. आई त्यांच्याकडचेच गठ्ठे आणायची. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण आवाज आवडायचा. मॅच जिंकली की प्रत्येकाला एक पँट. "साईं, पैसा लेके खेलता है वो प्रोफेशनल, तुम पँट लेके खेलता है, तो आधा प्रोफेशनल!" असं ते म्हणायचे. पहिल्या वर्षी त्यांनी युनिफॉर्मही शिवून दिला. कारागीर जन्मभर जीन्सच शिवत आलेले, त्यांनी हाफ पँटही जीन्सच्याच शिवल्या. दुहेरी नारिंगी शिलाई, पाच खिसे, खिशांना पितळी बटणं. फ्री किकच्या वेळी आमची पोरं भिंत करून उभी राहिली की निम्म्यांचे हात खिशात. चिखलात भिजल्यावर एकेक पँट एवढी जड व्हायची की हाफ टाइमला पिळून काढावी लागायची. काढायची कुठे, हा प्रश्न वेगळा.

मी बी.कॉम. झाले त्या आठवड्यात कोच घरी आले. आईने चहा टाकला. ते म्हणाले, "तुमच्या पोरीला सेक्रेटरी करायचंय. आमच्यात इंग्रजी फॉर्म वाचणारा कोणी नाही."

आई म्हणाली, "मुलीची जात, मैदानावर काय करणार?"

"मैदानावर आम्ही आहोत की पडायला. हिने फक्त लिहायचं."

मला फार आनंद झाला होता, पण मी तो दाखवला नाही. जिल्हा लीगचा फॉर्म मी तीन दिवस भरत होते. खेळाडूंचे दाखले, फोटो, सह्या. वाडीतल्या भावांचे दाखले आणायला आश्रमशाळेत दोन खेपा केल्या. फॉर्ममध्ये एक रकाना होता, कोणत्या वारी खेळणं सोयीचं. तो मी रिकामा सोडला. फुटबॉलला शुक्रवार सोडून दुसरा वार असतो हे माझ्या मनातच आलं नाही. पंधरा वर्षं मी शाळा-कॉलेजचे रविवार उपभोगले होते, तरीसुद्धा.

टाइमटेबल आलं. नऊ सामने. नऊच्या नऊ रविवारी.

दादाने कागद दोनदा वाचला. तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता, पण मशीनवर उभं राहून गुडघा कुरकुरायला लागला होता. एवढी वर्षं तो कोचना म्हणायचा, "एक सीझन लीग खेळतो आणि बूट टांगतो." कागदाची घडी घालून त्याने मला परत दिली. "बघू," एवढंच म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

पहिल्या रविवारी ठाण्याच्या बाजूला सामना होता. खेळायला कमीत कमी सात लागतात. आम्ही सहा. दोघे वाडीतले, दोघे रिक्षावाले, एक कॉलेजचा पोरगा आणि ड्युटीला दांडी मारून आलेला गोलकीपर. कोच हाफ पँट घालून तयारच होते, पण यादीत नव्हते आणि वय पासष्ट. दादाला सुट्टी मिळाली नव्हती. रेफ्रीने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि शिट्टी वाजवली. वॉकओव्हर. समोरच्या टीमने आमच्या सहा जणांना त्यांच्यातली केळी दिली, ती खातानाही लाज वाटत होती.

रेफ्री मला म्हणाले, "मॅडम, दुसऱ्यांदा असं झालं तर क्लब लीगच्या बाहेर. नियम आहे." पुढचा सामना पंधरा दिवसांवर होता.

त्या रात्री सगळे आमच्या खोलीबाहेर जमले. गोलकीपर म्हणाला, "ताई, सोपं आहे. अर्ज लिही, मावशी वारली. एकेकाला एकेक मावशी."

आई आत धागे कापत होती. तिथूनच ओरडली, "तिला पंधरा वर्षं शिकवली ती काय लोकांच्या मावश्या मारायला?"

"काकी, मावशी खरी नसते."

"मग अर्ज पण खरा नसतो. ती लिहायची नाही."

वाडीतला धाकटा भाऊ म्हणाला, "आमाला कसली सुट्टी नं कसली ड्युटी. तुमीच लोक फसलाव." सगळे हसले, दादासुद्धा.

मी खरे अर्ज लिहिले. 'महोदय, आपल्या कंपनीतील हे कामगार आमच्या क्लबचे खेळाडू आहेत. रविवारी सामना आहे. दुसरं कारण नाही.' स्वतः घेऊन गेले, गेटोगेट. एका वॉचमनने विचारलं, "कुणाची मंडळी तुम्ही?" मी म्हटलं, "कुणाची नाही, सेक्रेटरी." त्याने आत जाऊ दिलं, बहुतेक घाबरून. चौदा अर्जांतले चार मंजूर झाले. दादाच्या मॅनेजरने अर्ज वाचून बाजूला ठेवला. "बघतो," म्हणाले.

चार आणि, दांडी मारणारा गोलकीपर सोडून, आधीचे पाच मिळून नऊ होत होते. म्हणजे वॉकओव्हर टळला असता. पण दादा नव्हता, आणि ज्याच्यासाठी मी गेटोगेट फिरले तोच ड्युटीवर. मी टाइमटेबल पुन्हा काढून बसले आणि पहिल्यांदाच क्लबांचे पत्ते वाचले. दहा क्लबांतले पाच आमच्याच पट्ट्यातले होते, आम्ही धरून. सगळे कारखान्यांच्या आसपासचे. पुढच्या सामन्याचा प्रतिस्पर्धी क्लबही त्यांतलाच. मी पीसीओवरून त्यांच्या मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, तुमचे रविवारी अकरा होतात का?"

तिकडचा आवाज एकदम खाली आला. मग, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आमचे होत नाहीत म्हणून विचारलं."

"अहो मॅडम, आम्ही पण मेलोय! मागच्या वेळी आठवा माणूस म्हणून केबलवाल्याला उभा केला!"

उरलेल्या तिघांचीही तीच रड. पाच क्लबांचं मिळून एक पत्र झालं, पाच जणांच्या सह्या घेतल्या. कोचना बरोबर घेऊन मी लीगच्या चिटणिसांकडे गेले. ते वयस्कर, कडक गृहस्थ होते. पत्र वाचून चष्मा काढला.

"रविवारी रेफ्री मिळतात. शुक्रवारी मी रेफ्री कुठून आणू?"

हे मी विचारून ठेवलं होतं. "सर, तुमच्या यादीतले तीन रेफ्री अंबरनाथ-बदलापूरच्या कंपन्यांत आहेत. ते रविवारी रजा टाकून येतात. त्यांनाही शुक्रवारच हवाय."

"हा रकाना फॉर्ममध्ये होता. तो का नाही भरलात?"

"चुकले, सर."

"शिकलेल्या ना तुम्ही?"

"हो, सर. म्हणून तर पुन्हा आले."

कोचनी मला कोपर मारलं. पण ते गृहस्थ हसले. आमच्या पट्ट्यातल्या क्लबांचे आपसातले सामने शुक्रवारी, बाकीचे रविवारीच, असं त्यांनी टाइमटेबलवर पेनाने लिहून दिलं.

पहिला शुक्रवारचा सामना आमच्याच मैदानावर झाला. आई आली होती. दादाला खेळताना तिने कधी पाहिलंच नव्हतं, तिचा शुक्रवार कपडे धुण्यात जायचा. दादाच्या पायात बॉल आला की ती म्हणायची, "दुसऱ्याला का देतोय? आत्ताच मिळाला ना त्याला!" शेट खुर्ची टाकून बसले होते, ते दोन्ही बाजूंच्या गोलला टाळ्या वाजवत होते. आम्ही दोन-एकने जिंकलो. दुसऱ्या गोलचा पास दादाचा होता. संपल्यावर तो वाकून गुडघे धरून उभा होता आणि आई त्याच्या पाठीवरचा चिखल पदराने पुसत होती, बावीस माणसांसमोर. "आई, राहू दे ना," म्हणत होता, पण हलत नव्हता.

मैदानाच्या कडेला दादाचे मॅनेजर उभे होते. ते कधी आले कोणाला कळलं नाही. त्यांनी दादाला बोलावलं. "रविवारचे किती सामने राहिलेत?"

"चार, सर."

"त्या आठवड्यांत शुक्रवारी मेंटेनन्सला ये, रविवारी जा. आणि बहिणीला सांग, अर्ज चांगला होता. बाकीचे लोक मला मावश्या सांगतात."

बाकीच्या पोरांचं आम्ही आळीपाळीने जमवलं. एकेकाने दोन रविवार रजा टाकली.

त्या मोसमात नऊपैकी आठ सामने आम्ही खेळलो. तीन जिंकले, दोन बरोबरीत सुटले, तीन हरलो. दहा क्लबांत सहावे आलो. आठही सामन्यांत दादा कर्णधार होता आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर होता. क्लब लीगमध्ये राहिला.