बावीस मिनिटांचा पाहुणा

गेल्या मार्गशीर्षात मी एका सभ्य कुटुंबाविरुद्ध, त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांचाच चहा पिऊन, लेखी हरकत दाखल केली.

मी जयपूरला कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहितो. वडील रेल्वेच्या बदलीने भुसावळहून इकडे आले आणि माझे शिक्षण इथेच नववीपर्यंत झाले. (दहावीने मला घेतले नाही, नुकसान दहावीचे झाले.) माझी मुलगी मृणाल संगणकाच्या कंपनीत आहे. तिने माझ्या कामाची वेबसाइट बनवली, शिवाय अर्जलेखनावर माझे अठरा मिनिटांचे व्याख्यान चित्रित करून व्हिडिओ म्हणून चढवले.

त्याच सुमारास प्रताप नगरचे सोनवणे, निवृत्त रेल्वे गार्ड, मृणालला पाहून गेले. मुलगा निखिल तिला मनापासून आवडला होता. "रविवारी संध्याकाळपर्यंत कळवतो," असे सांगून मंडळी गेली. उत्तर होकारार्थी यावे म्हणून माझा व्हिडिओ त्यांना पाठवणे मला अत्यावश्यक वाटले.

"बाबा, लग्नाचा आणि व्हिडिओचा काय संबंध?"

"घराणे कळते."

मृणालने कपाळाला हात लावला; पण त्यांना पाठवायच्या संदेशात व्हिडिओखाली त्यांच्यापुरती एक निराळी लिंक घालून दिली. "हिच्यावरून जो वेबसाइटवर येईल, तो आपल्या रिपोर्टात वेगळा दिसेल. कुठलं पान पाहिलं, किती वेळ थांबला, सगळं. मतलब, नाव नाही कळत हं!"

शेवटचे वाक्य मी सरकारी छापील अर्जाच्या तळटीपेइतक्याच लक्षपूर्वक ऐकले.

शुक्रवारी पाहुणे शून्य. शनिवारीही शून्य! मी दर पाच मिनिटांनी रिपोर्ट उघडत होतो.

"अहो, जेवून घ्या," सौ. म्हणाली.

"आलेख आडवा पडला आहे. घास उतरेल कसा?"

रविवारी सकाळी अकराला आकडा हलला. एक! मी उभा राहिलो. हा पाहुणा आता माझा परिचय वाचणार, छायाचित्र पाहणार, भारावणार! पाहुणा थेट एकाच पानावर जाऊन बसला. पानाचे नाव होते 'घटस्फोटाचे अर्ज'. पाच मिनिटे झाली, बारा झाली. बाविसाव्या मिनिटाला तो गेला आणि मी ओरडलो.

"मृणाल! तो निखिल आधीच विवाहित आहे!"

तिचा चेहरा पडला. "बाबा, काहीही काय! लिंक फक्त त्यांनाच पाठवलीत ना? पक्कं?"

"पक्कं!" मी छातीवर हात ठेवला.

"मग मी त्यालाच फोन करून विचारते."

"आरोपीला विचारून चौकशी होत नसते!"

अर्ध्या तासात मी तीन पानी हरकत लिहिली, खाली दोन प्रतींची नोंदही केली. झोटवाड्यातल्या आमच्या घरून तिघे ऑटोने निघालो. मृणाल नखे खात होती. सौ. वाटभर एक शब्द बोलली नाही. (आईचे काळीज! मी समजून घेतले.)

"या, या! आम्ही तुमच्याकडेच निघत होतो," सोनवणे म्हणाले. मेजावर पेढ्यांचा डबा होता. मी चहा संपवला, उभा राहिलो आणि वाचू लागलो, "अर्जदार नम्रतापूर्वक निवेदन करतो की, प्रतिपक्षाचे चिरंजीव हे पूर्वविवाहित असून, ही बाब हेतुपुरस्सर दडवून..."

सोनवण्यांचा कप ओठांपाशीच थांबला. निखिलने मृणालकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते.

"मी? विवाहित?"

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" सोनवणेबाईंचा आवाज चढला.

"तुमच्या घरातून माझ्या घटस्फोटाच्या पानावर कोणीतरी बावीस मिनिटे बसले होते!"

"अहो, आम्ही तुमचा तो व्हिडिओ उघडलाच नाही अजून! अठरा मिनिटं कोणाला आहेत?"

मृणालने डोळे पुसून फोनवर रिपोर्ट उघडला. "बाबा, हा पाहुणा टॅबलेटवरून आलाय."

"आमच्याकडे टॅबलेट नाही," निखिल म्हणाला.

टॅबलेट आमच्याकडे होता. स्वयंपाकघरात, डब्यांना टेकवलेला. मी हळूच सौ.कडे वळलो.

"मीच होते," ती म्हणाली.

"तुला ती लिंक मिळाली कुठून?"

"तुम्हीच पाठवलीत की! वर 'नीट पाहणे' असा शेरा मारून."

"पण घटस्फोटाच्या पानावर? बावीस मिनिटे?"

"म्हटलं, माहिती असलेली बरी. पण तुमचं पहिलं वाक्यच संपेना, त्याला मी काय करू?"

निखिलला ठसका लागला. सोनवणे मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून हरकत घेतली, चष्मा लावला आणि तिन्ही पाने सावकाश वाचली. मृणालने माझ्याकडे पाहिलेच नाही. आपल्या हाताने आपण मुलीचे वाटोळे केले, हे मला त्या तीन पानांच्या अवधीत पुरते उमगले.

अखेर त्यांनी कागदाची घडी केली. "बेटा, घरी रोज असंच असतं?"

"रोज," मृणाल पुटपुटली.

"आणि तू ऐकून घेतेस?"

"हो काका."

त्यांनी बायकोकडे पाहिले. बाईंनी पेढ्यांचा डबा उघडून पहिला पेढा मृणालच्या हातावर ठेवला. "मग आमच्याकडे तुला काहीच जड जायचं नाही गं."

तीस वर्षांच्या अर्जलेखनात जागच्या जागी निकाल लागलेला माझा हा एकमेव कागद. आणि तोही माझ्याविरुद्ध लागला, हे मी पेढा खात खात मान्य केले.