निळ्या झग्याची दुमड

शेजारच्या डच आजींचे पडदे आखूड करायचे होते, म्हणून मी टेप आणि टाचण्या घेऊन त्यांच्याकडे गेले. हार्लेममधलं मोठं घर सोडून त्या नायमेखनला, लेकाजवळ, दोन खोल्यांत राहायला निघाल्या होत्या. मी घरी ब्लाउज शिवायला लागल्यापासून आमच्या गल्लीतलं सगळं उसवलेलं-फाटलेलं माझ्याकडे येतं, आणि मला मेलं नाही म्हणता येत नाही.

खिडकीजवळ एक चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. निळा झगा घातलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, उभी, हनुवटी चांगली वर. आजींच्या पणजोबांची ही बहीण. दीडशे वर्षांपूर्वी तिचे आईवडील तिला घेऊन दक्षिण आफ्रिकेत शेती करायला गेले ते तिथलेच झाले. तिथून त्यांनी हे चित्र इकडे तिच्या आजीला पाठवलं होतं.

"तोरा बघ," आजी म्हणाल्या. दुसऱ्यांच्या जमिनीवर जाऊन बसलेली माणसं आणि वर हा दिमाख, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून ही मुलगी त्यांच्याकडे वरून बघत आली होती, त्यामुळे नव्या घरात तिला जागा नव्हती. गुरुवारी लिलाववाला येऊन तिला नेणार होता.

त्यांच्या घरात या चित्रावरून एक जुना विनोदही होता. चित्र पोचल्यावर इथल्या खुळ्या म्हातारीनं उलट काय पाठवावं, तर निळ्या कापडाचा अख्खा तागा. त्या गडगंज लोकांना कापड. आजी हसल्या, मीही हसले.

मग पडद्याची खालची कड मोजायला मी गुडघ्यांवर बसले आणि त्या मुलीचा झगा थेट डोळ्यांसमोर आला. घोट्याच्या वर तीन आडव्या रेघा होत्या आणि त्यांच्याखाली निळा रंग पट्टीपट्टीनं गडद होत गेला होता. चित्रकाराला सावली दाखवायची असेल म्हणावं, तर सावली अशी पट्टी लावून आखल्यासारखी पडत नाही. दुमडीच्या आत राहिलेलं कापड विटत नाही, हे शिवणारीला सांगावं लागत नाही. मुलीची उंची वाढत गेली तसा हाच झगा तीनदा उसवून खाली सोडलेला होता. मनगटाशी जोड होता, तोही वेगळ्याच निळ्याचा. चित्रकार बिचारा प्रामाणिक, दिसलं तसं रंगवून मोकळा झाला.

मला माझा इथला पहिला हिवाळा आठवला. माझा कोट घेणं पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या बायकोचा कोट अंगावर चढवून मी कालव्याकाठी हसत फोटो काढला आणि पुण्याला आईला पाठवला. फोनवर मी सगळं छान छान सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खांदा तुझा नाही. कोट कुणाचा आहे?" फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. तिच्यापासून काही लपत नाही याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त बरं वाटलं होतं.

मी आजींना खाली बसवलं. गुडघे कुरकुरले, पण बसल्या. एकेक रेघ मी त्यांना बोटानं दाखवली, माझ्या कोटाचंही सांगितलं. जमीन त्या लोकांची नव्हतीच, ते खरंच, असं आजी स्वतःशी म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला.

"म्हणजे म्हातारीला दिसलं होतं."

"ज्यांना पाठवलं त्यांना दिसतंच," मी म्हणाले.

पडद्यांचं राहूनच गेलं. आजींनी लिलाववाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि नव्या घराच्या भिंतीचं माप माझ्यापुढे ठेवलं. चित्र बसत होतं, कपाट तेवढं सोडावं लागणार होतं. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"कापड वेळेवर पोचलं असेल ना?" त्यांनी विचारलं.

मला काय ठाऊक. पण मी हो म्हणाले.