कुंकवाची खूण

आमची जुनी पांढरी गाडी उद्या भंगारात जाणार होती. पुण्याहून मुलानं फोनवर सांगून टाकलं, "बाबा, सुरूच होत नाय ना? मग उद्या सकाळी माणूस येईल, देऊन टाका." हे "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीच्या टपावरची धूळ आपल्या रुमालानं पुसू लागले. धुतलेल्या रुमालानं! मी पदर खोचला.

दुखणं मला ठाऊक होतं. चारी प्लगांना पाळीनं ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्यूटर; त्याच्या आतले, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट जळाले होते. पण ते धरून ठेवणारा इवलासा स्क्रू असा गंजलेला की जागेवर हलेना. म्हणजे अख्खा डिस्ट्रिब्यूटरच उपसून टेबलावर घ्यायचा. आणि तोही इंजिनात घट्ट बसलेला.

"बत्ता आणू का?" ह्यांनी विचारलं. "आणि कुंकू?"

एवढी वर्षं झाली, माणूस विसरत नाय!

तेव्हा मी चोवीस-पंचवीसची. हे वाळूजला कारखान्यात, आणि मला माहेरी वैजापूरला जायचं होतं. हीच गाडी अडली. मुकुंदवाडीच्या मिस्त्रींना हे काम करताना मी एकदा पाहिलं होतं, तेही चहा देता देता. तेवढ्यावर बाईसाहेब मिस्त्री झाल्या. डिस्ट्रिब्यूटर निघेना, तर खलबत्त्यातला बत्ता आणून चार टोले दिले. तरी निघेना, तर तांब्याभर रॉकेल ओतलं. परत तसाच बसावा म्हणून काढण्याआधी खूण करायची असते एवढं मात्र लक्षात होतं. म्हणून ऐटीत करंडा आणून कुंकवाचं बोट लावलं. रॉकेलच्या आधी! डिस्ट्रिब्यूटर निघाला, कुंकू वाहून गेलं. मग अंदाजानं बसवला. चावी फिरवल्यावर गाडीनं असा बार काढला की शेजारच्या काकू पापड टाकून गच्चीवरून खाली धावल्या.

मिस्त्री आले, वाकून बघितलं. "भाभी, इसको मारा कौन?"

"मी नाय बाई," मी म्हणाले. बत्ता बॉनेटवरच होता.

"नक्को ना भाभी ऐसा. तंग चूड़ी कैसी उतारते? हात मारते क्या? थोड़ा इधर, थोड़ा उधर. साबण लगाके."

मिस्त्री आता नाहीत. माझे हात मात्र त्यांनी सांगितलेलं तेच करायला लागले. सकाळी फोन झाल्या झाल्याच डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि दुपारपर्यंत हातही लावला नाय. खूण केली नातीच्या नेलपॉलिशनं. मग दोन्ही हातांनी धरून केसभर इकडं, केसभर तिकडं. ताणायचं नाय. दंड दुखून आले. हे खुर्चीवरून म्हणत होते, "राहू दे गं, जुनंच ते." तेवढ्यात आत काहीतरी सैल झालं आणि तो अलगद हातात आला. कासारानं हळदीच्या दिवशी माझ्या हातातली जुनी काकणं उतरवली होती, अगदी तसा.

टेबलावर त्या स्क्रूलाही तेल पाजलं. चपखल बसणारा पेचकस ठेवून मुठीवर हलक्या टिचक्या मारल्या, बत्त्यानंच. यावेळी त्यानं शहाण्यासारखं काम केलं. स्क्रू सुटला. कपाटात ठेवलेले नवे पॉइंट बसवले, खुणेला खूण जुळवून डिस्ट्रिब्यूटर परत जागेवर बसवला.

पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. डिस्ट्रिब्यूटर सूतभर फिरवला. दुसऱ्यांदा चावी दिली, आणि तिनं आपला तो जुना खडखडाट सुरू केला.

हे खुर्चीवरून उठले. घरात गेले. मला वाटलं, मुलाला फोन करतायत. दहा मिनिटांनी इस्त्रीचा बुशशर्ट घालून, केस विंचरून बाहेर आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले.

"चल, वैजापूरला."

"अहो, माझे हात बघा, काळे झालेत. आणि मुलाला?"

"त्याला सांगितलं, त्या माणसाला पाठवू नको. आई गाडी घेऊन माहेरी गेलीय."