ओर्नेल्लाची उबदार लुडबुड

ओर्नेल्ला प्रोइएत्ती माणसाला आधी हात लावून बघते आणि मग त्याची खुशाली विचारते. हात थेट मानेवर येतो, तिथून कपाळावर, आणि ताप नाही याची खात्री पटली की मग ‘काय गं, कशी आहेस?’ मी या संस्थेत नोकरीला लागले त्या दिवशी तिनं माझा मफलर सोडून पुन्हा दोन वेढे देऊन बांधला होता आणि तुमच्या देशात आया असतात की नाही, असं विचारलं होतं. मला तेव्हा इटालियन धड येत नव्हतं. पण आपल्याला झापलं जातंय एवढं कळलं.

रोमच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या आमच्या या गावात माणूस आजारी पडतो तो वाऱ्यानं. पाठीला वारा लागला की कंबर धरते, मानेला लागला की सर्दी होते, पोटाला लागला तर विचारूच नका. जूनमध्येसुद्धा बसची खिडकी उघडली तर म्हाताऱ्या तुमच्याकडे असं बघतात की जणू तुम्ही त्यांच्या जिवावर उठलाय. आमची संस्था विषाणूंवर संशोधन करते, पण तिथंही तीच तऱ्हा. प्रोफेसर तार्क्वीनींनी अख्खं आयुष्य एकाच प्रश्नात घातलं, की एकाच विषाणूनं एक जण आडवा होतो आणि त्याच्या शेजारच्याला शिंकही येत नाही, हे रक्तातल्या कुठल्या वारशामुळे? पण केस ओले असताना ते स्वतः अंगणात पाऊल टाकत नाहीत. ओर्नेल्ला त्यांना म्हणायची, “विषाणू तुमचा असेल हो प्रोफेसर, पण त्याला दार कोण उघडून देतं?” यावर ते हसायचे आणि कॉलर वर करायचे.

ओर्नेल्लाचं काम उंदरांच्या खोलीत. खोकी बदलायची, भुसा घालायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कोण सुस्त दिसतंय ते सांगायचं. डोक्याला टोपी, अंगात निळा झगा, पायात रबरी सपाता असा सरंजाम करून ती सकाळी आत शिरली की दुपारपर्यंत तिचा आवाज चालू. उंदरांना नावं द्यायची नाहीत असा नियम आहे, म्हणून ती सगळ्यांना ‘पिल्ला’ म्हणते. म्हाताऱ्या, शेपटी तुटलेल्या उंदरालाही पिल्ला. घरी ती आणि नवरा दोघंच, पण स्वयंपाक सहा माणसांचा. नवरा बिचारा तक्रार न करता सुटत चाललाय. एकुलता एक मुलगा मान्लियो रॉटरडॅमला असतो. त्याच्याशी फोनवर बोलताना ती पडद्यात नाक खुपसून त्यानं आत बनियन घातलंय का ते बघते. मान्लियो चाळिशीचा आहे, डोक्याला टक्कल आहे. तो निमूटपणे सदऱ्याचं वरचं बटण उघडून दाखवतो.

मागच्या हिवाळ्यात प्रोफेसरांनी नवा प्रयोग काढला. आमच्याकडे उंदरांची दोन घराणी आहेत. एक दणकट. नाकात विषाणूचा थेंब सोडला तरी दुसऱ्या दिवशी चाकावर धावायला मोकळं. दुसरं नाजूक. त्याच थेंबानं ते केस पिंजारून कोपऱ्यात बसतं, वजन उतरतं, एखादा दगावतोही. हा झाला आईबापांकडून आलेला भाग. पण नाजूक घराण्यालाही एक गोष्ट येते. अंगात कसकस वाटली की ते उंदीर कागदाच्या पट्ट्या दातानं फाडतात, गोल घरटं करतात आणि आत शिरून ऊब धरून बसतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मेंदूत चिमूटभर पेशी असतात, त्या हे करवून घेतात. प्रोफेसरांना त्या पेशी गप्प करून बघायच्या होत्या. समोर कागद आहे, अंगात ताप आहे, पण घरटं करावं हे सुचतच नाही, असा उंदीर किती तग धरेल? सगळ्यांना वाटत होतं, फार नाही.

प्रयोग सुरू झाला. पेशी गप्प केलेल्या त्या आजारी उंदरांना रोज सकाळी वजनकाट्यावर ठेवायचं काम माझं. पहिले एकदोन दिवस काही वाटलं नाही. मग दिसायला लागलं की ही मंडळी काही लोळत नाहीत. जराशी सुकली आणि पुन्हा खायला लागली. आणि प्रत्येक खोक्यात, कोपऱ्यात, सुबक गोल घरटं.

प्रोफेसर आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. पेशी गप्प केल्या तरी मेंदूनं दुसरी वाट शोधली! उपजत बुद्धी अशी सहजासहजी मरत नाही! त्यांनी सगळ्यांना क्रीम भरलेले पाव आणले, दोन ठिकाणी फोन केले आणि लिस्बनच्या परिषदेतल्या आपल्या भाषणाचं नावही बदलून टाकलं. उंदरांच्या घराचा व्यवस्थापक फाउस्तो हा जन्मजात संशयी माणूस. तो म्हणाला, दुसरी वाट शोधली असेल तर ती शोधताना दिसायला हवी, आपण कॅमेरा लावू. लावला. कॅमेरा बसवताना स्टूल ओर्नेल्लानंच धरलं होतं. वर, नीट पुसून लावा, माझी पिल्लं धुरकट दिसायला नकोत, अशी सूचनाही केली होती.

सोमवारी बैठकीच्या खोलीत सगळे जमलो. इतकी वर्षं तुम्हीच त्यांना सांभाळलंत, तेव्हा हे बघायचा पहिला मान तुमचा, असं म्हणून प्रोफेसरांनी ओर्नेल्लाला मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं. पिशवीतून पेपरमिंटच्या गोळ्या काढून तिनं सगळ्या ओळीत वाटल्या.

पडद्यावर उंदीर आला. कागदाच्या पट्ट्यांवरून चालत गेला. परत आला. त्यांच्यावरच बसून मिशा साफ केल्या. बराच वेळ हेच. प्रोफेसर श्वास रोखून बघत होते. मग वरून झाकण उघडलं आणि निळे हातमोजे घातलेले दोन हात आत आले. हातांनी पट्ट्या फाडल्या, चुरल्या, गोल केल्या, अंगठ्यानं मधे खळगा पाडला. ओंजळीत उंदीर उचलला, खळग्यात ठेवला आणि घरट्याची कड बोटांनी दाबत दाबत बंद केली. शेजारचा केकवाला आल्फ्रेदो टार्टची कड काय दाबेल, इतकी सफाई. झाकण लागलं. पुढचं खोकं उघडलं.

खोलीत कुणीतरी खोकलं. पडद्यावर चौथं खोकं चालू होतं तेव्हा ओर्नेल्ला माझ्याकडे कलली. “तिसऱ्याचं जरा सैल झालंय,” ती म्हणाली.

फाउस्तोनं दिवा लावला आणि नियम सांगितला. चालू प्रयोगात ज्यानं हात घातला त्यानं त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. त्याची रवानगी तळघरात, जिथं खोकी आणि बाटल्या धुवायला येतात. तळघरात पगार तोच आणि तास कमी. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. पण तिथं खोकी येतात ती रिकामी. ओर्नेल्लाचा चेहरा उतरला तो मी पहिल्यांदाच बघितला. मान्लियो रॉटरडॅमला गेल्यापासून तिच्या दिवसाला त्या खोलीमुळे आकार होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला फाउस्तोचा इतका राग आला की मी हातातली गोळी चावून फोडली.

ती मात्र भांडायला उभी राहिली. कागद द्या म्हणालात, दिला. उंदीर घरटं करणार नाहीत म्हणालात, अगदी बरोबर, नाही करत. आता मी करायचं नाही, असं मला कुणी सांगितलं होतं, ते दाखवा. फाउस्तोनं सूचनांचा कागद वरून खाली वाचला. तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. असंही काही लिहून ठेवावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रोफेसर खिडकीपाशी उभे होते. लिस्बनचं भाषण बुडालं होतं, पाव खाऊन झाले होते. मला वाटलं आता ते ओरडतील. पण ते वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. वजनं खोटी नव्हती ना? पेशी गप्पच होत्या ना? मग नाजूक घराण्याला तारलं ते पेशींनी नव्हे, नुसत्या उबेनं. घरटं कुणी का करेना! हेच तर नीट तपासायला हवं. त्यांनी फाउस्तोला गप्प बसवलं आणि ओर्नेल्लाला सांगितलं की तुम्ही त्याच खोलीत राहायचं, तुमची घरटी आता प्रयोगाचा भाग. ओर्नेल्लानं त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि जाता जाता कपाळाला हातही लावून बघितला.

“फक्त डावीकडच्या रांगेला करायची,” प्रोफेसर म्हणाले. “उजवीकडच्यांना हात लावायचा नाही. त्याशिवाय तुलना कशी होणार?”

“आणि उजवीकडच्यांना थेंब?”

“तो सगळ्यांना.”

ती पुन्हा खुर्चीवर बसली. प्रोफेसरांनी मग तिला नीट समजावलं. ते वाईट माणूस नाहीत. उद्या एखाद्या नाजूक मुलाला काय द्यावं, औषध की नुसती ऊब, हे याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, वगैरे. ती मान हलवत ऐकत होती आणि गोळीचा कागद बोटांनी गोल गोल वळत होती.

“मला समजतं, प्रोफेसर. तुमचं चुकत नाही,” ती म्हणाली. “पण एकाला पांघरूण घालायचं आणि शेजारच्याला उघडं ठेवायचं, हे माझ्या हातून होणार नाही. मी आज हो म्हणेन आणि उद्या तुमच्या पाठीमागून तेच करीन. तुमचं वाटोळं होईल. मला खाली पाठवा.”

“प्रयत्न तर करून बघा, सिन्योरा.”

“चाळिशीच्या घोड्याला फोनवरून बनियन घालायला लावते मी. प्रयत्न कसला करणार मी?”

सगळे हसले, तीही हसली. मग तिनं सपाता काखेत मारल्या आणि जिना उतरून तळघरात गेली.

घरटी करायचं काम माझ्याकडे आलं. पहिली माझी घरटी म्हणजे निव्वळ कचऱ्याचे ढीग होते. हळूहळू बरी व्हायला लागली. डावीकडची खोकी उघडायची, घरटी करायची, झाकणं लावायची. उजवीकडच्या रांगेत उंदीर कागदावर बसून कुडकुडत असतात. सुरुवातीला माझा हात झाकणाकडे जायचा. नंतर जायचा थांबला. आता मी वजनं घेते, लिहिते आणि पुढे जाते. हे इतकं पटकन जमेल असं मला वाटलं नव्हतं आणि जमलं याचं मला वाईट वाटतं.

दुपारी मी जेवायला तळघरात ओर्नेल्लाकडे जाते. खाली गेल्यापासून तिचं खाणं कमी झालं होतं. डबा उघडायचा, दोन घास घ्यायचे, बाकीचं माझ्यापुढे सरकवायचं. उंदरांचा विषय ती काढत नसे. परवा मात्र बाटल्या धुता धुता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “उजवीकडच्यांचं काय गं?”

“काय असणार,” मी म्हटलं. “कुणी बघत नसलं की झाकते.”

तिनं नळ बंद केला. झग्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मग डबा पुढ्यात ओढला आणि तळाला लागलेलं पाव फिरवून पुसून घेईपर्यंत जेवली.