आवाज गेल्यानंतरचा इतिहासाचा तास

आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'तोफ' म्हणायची. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो आणि त्यांचा आवाज भिंत ओलांडून थेट माझ्या फळ्यापर्यंत यायचा. माझी मुलं समीकरणं सोडवता सोडवता लढाया ऐकायची. पलीकडे एखादा राजा पडला की माझ्या वर्गात कुणीतरी हळूच सुस्कारा सोडायचं. मी तक्रार केली की सर म्हणायचे, "अहो, फुकट शिकतायत तुमची पोरं, शिकू द्या की!"

फोनचं मात्र त्यांना भारी वावडं. तासाला कुणाच्या खिशात फोन वाजला की तो शाळा सुटेपर्यंत सरांच्या खणात. शाळेत फोनवर बंदी आली, तीही त्यांनीच हट्ट धरला म्हणून.

मग त्यांचा घसा बसला. शिक्षकाचा घसा, बसायचाच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, त्यांनी तर नाहीच. दुखणं बरेच दिवस अंगावर काढल्यावर लेकीने अक्षरशः धरून दवाखान्यात नेलं. घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, सर वाचले. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांना मिळालं होतं. त्यातून निघालेला घरघरता आवाज एकदा ऐकून त्यांनी ते कपाटात ठेवलं ते ठेवलंच.

रजा संपवून ते परत आले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना ग्रंथालय सांभाळायला सुचवलं. सरांनी फोनवर दोन शब्द लिहून पुढे केले : "वर्ग हवा."

"पण सर, शिकवणार कसं?"

त्यांनी फोन नुसता वर धरला.

बाई बघतच राहिल्या. "फोनबंदीसाठी माझ्या मागे लागला होतात, ते तुम्हीच ना?"

सर हसले. आवाज न करता हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. खांदे तेवढे हलले.

सरांच्या तासापुरती फोनबंदी उठली आणि संगणक शिकवणाऱ्या तरुण बाईंनी सगळी सोय लावून दिली. सरांनी फोनवर लिहिलेलं वर्गातल्या पडद्यावर उमटायचं आणि मुलांनी आपापल्या फोनवरून लिहिलेलं त्याच्या खाली. मुलांची नावं तिथे दिसत नसत. "नाव दिसलं की मुलं बिचकतात," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी माझ्या मुलांना गणितं घालून सरांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. सर एका बोटाने लिहीत होते. एक वाक्य पडद्यावर यायला इतका वेळ लागायचा, की तोवर वर्ग गप्पांत बुडून जायचा. सरांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली : "तोफेतली दारू संपली."

हशा पिकला आणि मधेच तुटला. मदतीला थांबलेल्या संगणकाच्या बाई लालबुंद झाल्या. "सर, कुणी लिहिलं ते मी शोधून काढते."

सरांनी मान हलवून नको म्हटलं आणि लिहायला घेतलं. या वेळी सगळा वर्ग श्वास रोखून त्या बोटाकडे बघत होता. "खरं आहे. संपली. आता तुम्ही बोला. धड्यात काय कळलं नाही?"

मग एक प्रश्न उमटला : "लढाईत मेलेल्या सैनिकाच्या घरी कोण कळवायचं?"

सरांनी काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "मला माहीत नाही. इतकी वर्षं शिकवलं, पण हा विचार कधी मनात आला नाही. शोधतो."

त्यानंतर प्रश्नांची रीघ लागली. वेढा पडल्यावर आतली लहान मुलं काय खायची? हरलेल्या देशातल्या मुलांनाही हाच धडा असतो का?

मधल्या सुट्टीत सरांनी मला फोन दाखवला : "मागच्या बाकांवर इतकं काही चाललेलं असतं, मला ठाऊकच नव्हतं."

"तुमच्या आवाजापुढे तोंड उघडायची कुणाची टाप होती?" मी थट्टेने बोललो आणि जीभ चावली. सरांनी लिहिलं, "तेच तर."

सगळं सुरळीत चाललं असं नाही. कुणी वात्रटपणा करायचं, एक पालक तर मुलांच्या हाती फोन कशाला म्हणून भांडायलाच आले. पण सरांनी दिलेला शब्द पाळला. जुनी पुस्तकं धुंडाळून एका तासाला त्यांनी उत्तर लिहिलं : बहुतेक घरी कुणीच कळवत नसे. माणसं परतायची, त्यांच्यात आपलं माणूस आहे का, हे घरच्यांनीच बघायचं. काही बायका जन्मभर वाट बघत राहिल्या.

पडद्यावर त्याखाली एक ओळ आली. "माझे बाबा कामासाठी गेले ते आलेच नाहीत. आम्हालाही कुणी कळवलं नाही. आई अजून त्यांचं ताट वाढते."

सरांनी चेहऱ्यांवरून नजर फिरवली नाही, मुद्दाम फोनकडेच बघत राहिले. मग लिहिलं : "ज्याने हे लिहिलं, त्याला भेटावंसं वाटलं तर मी शिक्षकखोलीत असतो. मला बोलता येत नाही, ऐकता येतं."

दोन-तीन दिवस कुणी आलं नाही. मग एका दुपारी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. वर्गात हजेरीपुरतं तोंड उघडणारी पोर. मी वह्या आवरून बाहेर पडलो. काचेतून दिसत होतं, ती भडाभडा बोलत होती आणि सर फोन पालथा ठेवून ऐकत होते.

पुढे सर तिच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. सरांनी लिहायचं, आईने वाचून सांगायचं, असं करत त्यांनी वडील बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवली. तोवर ती कुणी नोंदवलीच नव्हती. वडिलांचा पत्ता अजून लागलेला नाही. मुलगी आता वरच्या वर्गात गेली आहे, तिथेही इतिहास सरांकडेच आहे. पलीकडच्या खोलीत सरांचा तास चालू असतो, तेव्हा मला मुलांचे आवाज ऐकू येतात. आता ती सगळी लिहिणं सोडून तावातावाने वाद घालत असतात. त्यात तिचाही आवाज असतो. बारीक आहे, पण भिंतीतून येतो.