काळ्या अक्रोडाखालचे टोमॅटो

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात काळ्या अक्रोडाचं मोठं झाड आहे. त्याच्या मुळांतल्या विषाने काकूंचे टोमॅटो दोन उन्हाळे वाळून गेले. तिसऱ्या वर्षी त्यांनी बादल्यांना भोकं पाडली, विकतची माती भरली आणि बादल्या विटांवर चढवल्या. रोज सकाळी त्या बादल्यांत पडलेलं अक्रोडाचं विषारी पान न पान वेचत, स्वतःशीच "हं, पुढचं" म्हणत.

घरमालक झाड तोडायला माणूस घेऊन आला. मी तर लगेच हो म्हटलं असतं. काकू मात्र खोडापुढे उभ्या राहिल्या. "नो, नो. ट्री विल स्टे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाडाची जागा आहे ती. आपण आपली सोय बघायची."

जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, पहिला टोमॅटो पिकला. अर्धा त्यांनी मीठ लावून कुंपणावरून मला दिला. उरलेला झाडाखालीच उभं राहून खाल्ला.