खोली कुणाच्या नावावर

एकच हॉटेल, एकच खोली, त्याच तारखा. माझ्या स्क्रीनवर मात्र तिचे तीन दर होते आणि टेबलापलीकडे बसलेल्या सईद यांना त्यांतला एकही पटत नव्हता.

“मॅडम, पिछले साल इसी होटल में था मैं. नाश्ते पे एक इंडियन मिला. बाजूवाला रूम, आधा पैसा. मेरे को बोलो, मैं पागल है क्या?”

सईद यांचं ओमानमधल्या निझवाला टाइल्सचं दुकान आहे. वर्षातून एकदा ते चीनमधल्या फोशानला जातात. टाइल्सचे कारखाने तिथे एकाला लागून एक आहेत, आणि त्यांचा वर्षभराचा माल त्या एका फेरीत ठरतो. आमची ट्रॅव्हल एजन्सी मस्कतमध्ये अल् घुब्राला. त्यांच्या घरच्यांची आणि कामगारांची सगळी तिकिटं आमच्याकडून निघतात. निदान तोवर निघत होती.

“इस बार सही रेट नहीं, तो खलास,” उठताना ते म्हणाले. “दूसरा ऑफिस देखेगा.”

आमचे मॅनेजर विल्सन सर मूळचे वसईचे. इकडे मालकमाणसाला अर्बाब म्हणतात. दार लागल्यावर ते म्हणाले, “शुभा, हा अर्बाब गेला तर आपण दोघं एकमेकांना तिकिटं विकत बसू.”

मी कामाला लागले. पहिला दर हॉटेलचा जाहीर दर. त्याला रॅक रेट म्हणतात. तो सहसा कुणी देत नाही, पण सवलत किती मिळाली हे सांगायला उपयोगी पडतो. दुसरा आमच्या सिस्टिममधला, म्हणजे मधल्या घाऊक कंपनीने हॉटेलकडून घेऊन आम्हाला विकलेला. तिसरा मोबाइल ॲपवरचा. तो सर्वांत कमी होता, पण नाश्ता नाही आणि रद्द केलं तर पैसे परत नाहीत. ॲपवर त्याहून स्वस्त हॉटेलंही होती. त्यांतल्या एकाला फोन केला. काउंटरवरच्या मुलीने आधी पाहुणा चिनी आहे का, ते विचारलं. नाही म्हटल्यावर तिने फोन दुसऱ्याकडे दिला, त्याने तिसऱ्याकडे. परदेशी पासपोर्टची नोंद करायची सवय नसलेली हॉटेलं तिथे अजून भेटतात. बुकिंग हातात असूनही माणूस बॅग घेऊन फुटपाथवर उभा राहू शकतो. म्हणून आधी फोन करावा लागतो.

तारखाही आड येत होत्या. शेजारच्या ग्वांगजौ शहरात मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, तेव्हा आसपासची सगळी हॉटेलं दर चढवतात. सईद यांच्या तारखा नेमक्या त्यातल्याच.

एवढं समजलं, तरी त्या नाश्त्यावरच्या माणसाचा अर्धा दर कुठून आला ते कळेना. शेवटी हॉटेलच्या सेल्स विभागालाच फोन लावला.

तिथल्या बाईंनी उलट विचारलं, “तुमचा पाहुणा कोणत्या कारखान्यात येतोय?”

मला वाटलं, त्या चुकून दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. मग त्यांनी समजावलं. मोठे कारखाने वर्षभर आपली गिऱ्हाइकं त्याच हॉटेलात उतरवतात. त्या बदल्यात हॉटेल त्यांना करारातला दर देतं. कारखान्याने खोली धरली की तो दर पाहुण्याला मिळतो.

सईद ज्या कारखान्यांना भेट देणार होते, त्यांतल्या सर्वांत मोठ्या कारखान्यातल्या सेल्सच्या लिलीला मी मेसेज केला. चहा संपायच्या आत उत्तर आलं. दर ॲपच्याही निम्म्याहून कमी, नाश्ता धरून, विमानतळावर गाडी. प्रदर्शनाच्या दिवसांतही.

विल्सन सरांनी मेसेज दोनदा वाचला. “हा रेट आहे की जावयाचा मान?”

मी सईद यांना फोन केला. दर ऐकून ते खूश झाले. मग विचारलं, “रूम किसके नाम पे?”

“फॅक्टरी के नाम पे, अर्बाब.”

“नहीं. कॅन्सल. वो महँगावाला चलेगा.” फोन बंद.

ज्या माणसाने दरासाठी एजन्सी बदलायची धमकी दिली, तोच सर्वांत स्वस्त दर नाकारून महाग खोली मागत होता. विल्सन सरांना वाटलं, दुसऱ्या ऑफिसने काहीतरी कान भरले. मला वाटलं, कारखान्याचं नाव काढल्यावर त्यांना आमच्यावर संशय आला. दोन्ही गोष्टी त्या फोनशी नीट जुळत नव्हत्या. महाग खोली बुक केली असती, तर त्याच महाग खोलीवरून ते परत भांडले असते. आम्ही गाडी काढून निझवाला गेलो.

निझवाच्या बाजारात कुठल्याही दुकानात शिरलात तरी आधी खजूर आणि काहवा, म्हणजे वेलचीची कडू कॉफी, पुढे येते. सईद यांच्या टेबलावर काहवाचा थर्मास होता, पेले पालथे होते. त्यांनी आम्हाला बसवलं, घरच्यांची विचारपूस केली. थर्मासला हात लावला नाही.

“काहवा नाही,” विल्सन सर माझ्या कानात म्हणाले. “गेलं आपलं गिऱ्हाईक.”

तेवढ्यात एक कंत्राटदार आला. फरशी बघितली, भाव सुरू झाला. दोघांचेही आवाज चढले. कंत्राटदार दोनदा दारापर्यंत जाऊन आला. त्यालाही काहवा नाही. सौदा ठरला, हात मिळाले आणि सईद यांनी स्वतः पेला भरून त्याच्या हातात दिला.

मग आमच्याकडे वळले. “मेरे वालिद का कायदा है. पहले भाव, बाद में काहवा. जिसका काहवा पिया, उसको ‘तेरा भाव ज्यादा है’ कैसे बोलेगा? शरम आती है.”

ते पुढे म्हणाले, “वो फॅक्टरी का बिस्तर, फॅक्टरी की गाडी, सुबह फॅक्टरी का अंडा. फिर उसी को बोलूँ, तेरी टाइल महँगी? मॅडम, रूम में जो बचेगा, वो माल में जाएगा.”

विल्सन सर छताकडे बघत होते.

“अर्बाब, फोन पर बोल देते,” मी म्हटलं.

“फोन पे वालिद की बात कौन करता है?”

खोली कारखान्याची नको आणि दर मात्र माफक हवा, एवढं आता स्पष्ट होतं. तिथूनच हॉटेलला फोन लावला. कारखान्यांशी करार होतो, तर आमच्या एजन्सीशी का नाही? आमचे मस्कतचे आणखी व्यापारी तिथे जातात, ते सगळे तुमच्याकडे उतरवू, असं मी सांगितलं. बाईंनी त्यांच्या साहेबांना विचारून होकार दिला. सईद प्रदर्शन संपल्यावर जायला तयार झाले. नाश्ता काढून टाकला. त्यांना नाश्त्याला जवळच्या मुस्लिम नूडलवाल्याचं दुकान चालणार होतं. दर लिलीच्या दरापेक्षा जास्त आला आणि माझ्या स्क्रीनवरच्या तिन्हींपेक्षा कमी. खोली आमच्या नावावर.

सईद यांनी आकडा ऐकला. “थोडा और कम.”

“नहीं होगा, अर्बाब.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग थर्मास उघडला. विल्सन सर तीन पेले प्यायले.

सईद फोशानला जाऊन आले. पहिल्या सकाळी लिलीची गाडी हॉटेलच्या दारात उभी होती. ती त्यांनी सलाम सांगून परत पाठवली आणि टॅक्सीने बाकीचे कारखाने पाहिले. लिलीकडे सर्वांत शेवटी गेले. माल तिच्याकडूनच घेतला, पण आपल्या भावाने. मग लिलीचा मला मेसेज आला: तुमचे पाहुणे फार कठीण आहेत, पुढच्या वेळी खोली कृपया आमच्याकडूनच घ्या.

आता चीनला निघालेल्या व्यापाऱ्याला मी आधी विचारते, तिथे भाव कुणाशी करायचाय? तो सोडून बाकी कुणाकडूनही खोलीचा दर काढते. एकाच खोलीला इतके दर का असतात, ते मात्र मला अजूनही नीट कळलेलं नाही. हॉटेलच्या बाईंना एकदा विचारलं होतं. त्यांनी विचारलं, कोणत्या कारखान्यासाठी?